मुलाचं बीपी जास्त आलं? आधी पट्टा बघा

आजोबांचं बीपीचं मशीन टेबलावर असतं. सहा वर्षांचा नातू हट्ट धरतो, "माझं पण बघा ना!" आकडा येतो १२०/८०. घरचे खूश, एकदम नॉर्मल! खरं तर सहा वर्षांच्या मुलासाठी हा आकडा चांगलाच जास्त आहे. त्यात मोठ्यांचा रुंद पट्टा बारीक दंडावर आकडा असतो त्यापेक्षा कमीच दाखवतो.

मुलांचं बीपी वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावरून तक्त्यात बघतात. म्हणून बालरोगतज्ज्ञ आधी उंची घेतात. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१७ मध्ये दिलेल्या निकषांनुसार ९५व्या पर्सेंटाइलवर (म्हणजे तेवढ्याच वयाच्या आणि उंचीच्या शंभरातल्या ९५ मुलांपेक्षा जास्त) किंवा त्याच्या वर गेलं तर हायपरटेन्शन, म्हणजे उच्च रक्तदाब, ९० ते ९५ मध्ये असेल तर 'वाढलेलं'. तेरा वर्षं पूर्ण झाली की तक्ता लागत नाही. १३०/८० पासून पुढे हायपरटेन्शन. दहा वर्षांच्या मुलाचा आकडा १०८/७२ किंवा त्याहून जास्त आला, तर तक्ता उघडायचाच.

तिसऱ्या वर्षानंतर वर्षातून एकदा बीपी बघून घ्या. मूल लठ्ठ असेल, किडनीचा आजार किंवा मधुमेह असेल, तर प्रत्येक भेटीत.

आता मोजणं. सगळी गडबड इथेच होते. खांद्याचं हाड ते कोपर यांच्या मधोमध टेपने दंडाचा घेर घ्यायचा. समजा २० सेंमी आला, तर पट्ट्यातली हवेची पिशवी निदान ८ सेंमी रुंद आणि १६ ते २० सेंमी लांब हवी. गुटगुटीत मुलाला लहान पट्टा करकचून बांधला की बीपी उगाच जास्त येतं, आणि घरी विनाकारण रडारड. मूल शू करून आलेलं असावं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर (पोहोचत नसतील तर खाली स्टूल), तीन ते पाच मिनिटं शांत, मोबाइल बाजूला. उजवा हात हृदयाच्या पातळीवर. उजवाच का? महाधमनी (हृदयातून निघणारी मुख्य रक्तवाहिनी) जन्मतः अरुंद असेल, तर डाव्या हातात बीपी फसवं कमी येऊ शकतं. त्याच शंकेने डॉक्टर पायातलंही बीपी बघतात. एरवी ते हातापेक्षा जास्त असतं, इथे कमी भरतं.

मशीनवर जास्त आलं तर डॉक्टर स्टेथोस्कोप लावून पुन्हा मोजतात. एका दिवसावर निदान होत नाही, तीन वेगवेगळ्या भेटी लागतात. पांढरा कोट बघूनच बीपी चढणारी मुलं कमी नाहीत. त्यांना २४ तास बीपी नोंदवणारं यंत्र बांधतात. पण जोराची डोकेदुखी, उलट्या, अंधुक दिसणं किंवा फिट असेल, तर तीन भेटींची वाट बघायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं.

निदान पक्कं झालं की कारण शोधायचं. मूल जितकं लहान, तितका संशय किडनीवर. तपासण्या अशा: लघवी, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी), रक्तातले क्षार, कोलेस्टेरॉल. सहा वर्षांखालच्यांना किडनीची सोनोग्राफीही. सध्या कुठलं औषध चालू आहे, स्टेरॉइड किंवा सर्दीचं का होईना, ते न विसरता सांगा.

मोठ्या, वजनदार मुलांत बहुतेकदा वेगळा आजार सापडत नाही. तिथे मीठ आणि वजन हेच काम. पानातलं मीठ मोजत बसण्यापेक्षा पापड, लोणचं, वेफर्स, शेव, इन्स्टंट नूडल्स यांची नोंद आठवडाभर लिहून काढा. घरचेच चकित होतात. स्वयंपाक मात्र सगळ्यांचाच बदला, एकट्या पोराला अळणी ताट वाढू नका. आठवड्यातून तीन ते पाच दिवस घाम येईपर्यंत ३० ते ६० मिनिटं खेळ हवाच.

एवढं करूनही बीपी उतरलं नाही, किंवा किडनीचा आजार, मधुमेह असला, तर गोळ्या सुरू होतात. त्याआधी हृदयावर ताण आलाय का हे टूडी इकोवर (हृदयाच्या सोनोग्राफीवर) बघतात. बीपी ९०व्या पर्सेंटाइलच्या खाली, तेरा वर्षांपासून पुढच्या मुलांत १३०/८० च्या खाली आणायचं असतं. तोवर दर चार ते सहा आठवड्यांनी फेरी. जाताना घरचं मशीनही पिशवीत टाका, दवाखान्यातल्या मशीनशी ताडून बघता येतं.