आईचं आयुष्य लिहायचंय? आधी तिच्यासोबत नारळ खवायला बसा

मी वही-पेन घेऊन आईसमोर बसले आणि म्हटलं, "तुझ्याबद्दल लिहायचंय, सांग काहीतरी." ती म्हणाली, "माझ्या जल्मात काय असा लिवण्यासारखा? ऊठ, भात निवता." वेंगुर्ल्याच्या त्या घरात तिने साठ वर्षं काढली, पाच मुलं आणि अकरा नातवंडं वाढवली, आणि लिहिण्यासारखं काही नाही! तेव्हा ही माझी पहिली चूक तुम्ही करू नका. आई-आजीला "तुझं आयुष्य सांग" असं विचारायचंच नाही.

तिचे हात चालू असताना जवळ जाऊन बसायचं. माझी आई आदोळीवर, म्हणजे नारळ खवायच्या विळीवर, बसली की बोलायची. नारळाची एक कवड संपेपर्यंत एक गोष्ट. आमसुलं वाळत घालताना आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, मग आगळाच्या बाटल्या मुंबईला कोण न्यायचं याची, मग बाबांच्या मनिऑर्डरी उशिरा यायच्या त्या वर्षांची. मी फक्त "मगे?" म्हणायचे. मोबाइल सुपात, तांदळाच्या बाजूला, रेकॉर्डिंग चालू, एअरप्लेन मोडवर. पंखा बंद ठेवा, नाहीतर आवाजापेक्षा घरघर जास्त. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. त्याच रात्री फाइलला तारीख आणि विषय देऊन दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा. माझा फोन एका पावसात गेला आणि त्याच्यासोबत तिच्या लग्नाची अख्खी दुपार गेली. पुन्हा सांगितलंन, पण तसं नाही.

आता वर्षांचं. आपल्या बायकांच्या जन्मतारखांवर फार विसंबू नका. आईच्या दाखल्यावर १ जून आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी घातलेली, त्या पिढीत घरटी एक तरी १ जूनवाला सापडेल. त्याऐवजी सगळ्या मुलखाला आठवणाऱ्या गोष्टी धरा. रामदास ही प्रवासी बोट बुडाली ती १७ जुलै १९४७ ला, आषाढी अमावस्येला. "तेव्हा मी परकर नेसायचंय, पण कळशी उचलूक येय नसली," असं ती म्हणाली, म्हणजे सात-आठ वर्षांची. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा. फळीवरची भांडी वाजली आणि ताई पाळण्यात होती, यावरून ताईचं वय पक्कं झालं (ताईला ते आवडलं नाही). पुढच्या काळासाठी २६ जानेवारी १९९८, कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली तो दिवस, बरा पडतो. "गाडी येण्याआधी की नंतर?" या एका प्रश्नावर नातवंडांची बारशी रांगेत लागतात. पैशांवरून मात्र वर्ष ठरवायला जाऊ नका. नवे पैसे १९५७ ला आले तरी पंचवीस पैशांना आपण पुढे कित्येक वर्षं चार आणेच म्हणत होतो.

कागद शोधताना सगळ्यात मोठी अडचण नावाची. लग्नात नाव बदललं, म्हणजे निम्मी बाई एका नावाने आणि निम्मी दुसऱ्या. शाळेच्या जनरल रजिस्टरात माहेरचं नाव, रेशनकार्डावर सासरचं. दोन्ही नावं पहिल्याच पानावर लिहा. जिल्ह्याचंही बघा: सिंधुदुर्ग १ मे १९८१ ला वेगळा झाला, त्याआधीच्या कागदांवर रत्नागिरी असणार. आईचं माहेर कुडाळकडचं, म्हणजे तिच्या लहानपणी सावंतवाडी संस्थानात. सासर वेंगुर्ल्याचं, इंग्रजांच्या मुलखात.

आणि तलाठ्याकडून तिच्या माहेरच्या जमिनीचे जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, काढा. हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. आजोबा गेल्यावर वारस म्हणून आईचं नाव लागलं होतं, आणि पुढच्याच फेरफारात हक्कसोड करून ते कमी झालं. तिथे तिचा अंगठा नाही, सही आहे, प्रत्येक अक्षर सुटं काढलेली. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईची मला सापडलेली सगळ्यात जुनी सही, आणि ती हक्क सोडल्याची. विचारलं तर म्हणाली, "त्याच वर्षा मामान तुझ्या माका पाटल्यो केल्यो." पुढे काही बोलली नाही. मीही दोन्ही वाक्यं तशीच लिहिली, शेजारी शेजारी.

तिची भाषा सुधारू नका. "येय नसली"चं "येत नव्हती" केलंत की बोलणारी बाई बदलली.

जेवणाच्या कृती लिहिताना "अंदाजान" हाच शब्द ऐकायला मिळेल. कुळथाच्या पिठीला पीठ किती? अंदाजान. मग मी तिची मूठ टोपात पडायच्या आधी वाटीत पाडून घेतली आणि वजन केलं. आईची मूठ चाळीस ग्रॅमची. माझी तीस भरते, म्हणून माझी पिठी पातळ व्हायची.

फोटोंचं थोडक्यात: जुने फोटो पावसाळ्यात बाहेर काढू नका, दमट हवेत एकमेकांना चिकटतात. काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही. खिडकीशी तिरका धरून काचेवरूनच मोबाइलने टिपायचा. लॅमिनेशन नको. मागे पेन्सिलीने, हलक्या हाताने, कोण कोण ते लिहा.

सगळं जमलं की छापील पुस्तक वगैरेच्या मागे लागू नका. मी टाइप करून झेरॉक्स काढल्या, उजवं पान कोरं ठेवून. गणपतीत सगळे चाकरमानी आले तेव्हा आरतीनंतर खळ्यात, म्हणजे अंगणात, वाचलं. आई जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. मी लिहिलं होतं की नवरी बैलगाडीतून दारात उतरली. मावशीने तिथेच थांबवलं, गाडी म्हणे ओढ्यात रुतली होती. "गाडी व्हाळात रुतली. मगे चलत इली. पाठराखीण मी होतंय, माका इचार." ते कोऱ्या पानावर पेन्सिलीने लिहून घेतलं. चपला हातात होत्या की मुळात नव्हत्याच, यावरून मावशी आणि मामा अजून भांडतायत, म्हणून त्याखाली दोन ओळी रिकाम्या ठेवल्यात.