सिनेमा शेवटी येऊनच अडकतो? डीव्हीडी पुसण्याआधी या चुका टाळा

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या आत्याकडे ‘पहेली’ची डीव्हीडी आहे. अमोल पालेकरांचा २००५ चा सिनेमा. नवऱ्याचं रूप घेऊन नव्या नवरीच्या प्रेमात पडलेल्या भुताची गोष्ट. मेंढपाळ झालेला अमिताभ भुताला मशकीत बंद करतो तो शेवटाकडचा प्रसंग आला की चित्र थिजायचं. आत्यानं डीव्हीडी काढून पदरानं गोल गोल खसाखसा पुसली. मग मधली गाणीही अडखळायला लागली.

चूक त्या गोल पुसण्यात होती. डीव्हीडीवरची माहिती आतून बाहेर जाणाऱ्या चक्राकार रेषेत असते. त्याच दिशेनं ओरखडा पडला तर सलग बरीच माहिती एकदम जाते. आडव्या बारीक ओरखड्यातून प्लेअर बहुतेकदा सावरून घेतो. म्हणून पुसायचं ते मऊ सुती कापडानं, मधल्या भोकाकडून कडेकडे, सरळ. डाग चिकट असेल तर पाण्यात साबणाचा एखादा थेंब. टूथपेस्टचा प्रयोग मात्र शेजारच्यांच्या डीव्हीडीवरही करू नका.

आणि शेवटच का अडकतो? एकाच थराच्या, म्हणजे ४.७ जीबीच्या डीव्हीडीत सिनेमा लांबलचक असला की शेवट बाहेरच्या कडेशी जातो. आपण धरतो तीच कड. आमच्याकडे तर सेव-उसळ खाता खाताच डिस्क बदलायची रीत! दोन थरांच्या डीव्हीडीत बहुधा पहिला थर आतून बाहेर आणि दुसरा बाहेरून आत वाचला जातो, त्यामुळे तिथे कडेचे डाग सिनेमाच्या मध्यावर त्रास देतात. कुठे अडकतंय हे पाहिलं की कुठे पुसायचं ते कळतं. तरीही अडकलं तर दुसऱ्या प्लेअरवर लावून बघा. दोष पुष्कळदा डिस्कचा नसतोच, प्लेअरच्या भिंगावर धूळ असते.

व्हीसीडी असेल तर छापील बाजू जास्त जपा. तिचा चकाकणारा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो, त्यामुळे बॉलपेननं वर नाव लिहिलंत तरी तो दुखावतो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो.

परदेशातून आणलेली डीव्हीडी लागत नसेल तर ती बिघडली असं धरू नका. डीव्हीडीसाठी जगाचे विभाग पाडलेत आणि एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर बहुधा लागत नाही. भारत विभाग ५ मध्ये येतो, अमेरिका १ मध्ये. संगणकाच्या ड्राइव्हवर विभाग साधारण ५ वेळाच बदलता येतो, म्हणून उगाच खेळ नको. तसंच १२५ मिनिटांचा सिनेमा १२० मिनिटांतच संपला म्हणून दुकानदारावर ‘कापलाय’ असा आरोप करू नका. सेकंदाला २४ चित्रांचा सिनेमा पाल या टीव्हीच्या पद्धतीत बहुधा २५ च्या वेगानं धावतो, म्हणून ती पाच मिनिटं वाचतात.

व्हीएचएस कॅसेट असेल तर आधी झाकण उचलून फीत बघा. बडोद्याच्या पावसाळी हवेत तिच्यावर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली की हेड खराब होतंच, वर पुढच्या चांगल्या कॅसेटलाही बुरशी लागते. ती वेगळी ठेवा आणि फीत साफ करणाऱ्या जाणकाराकडेच द्या. बाकीच्या कॅसेटी उभ्या, कोरड्या जागी, जमिनीपासून उंच ठेवा. विश्वामित्री नदी कधी घरात येईल सांगता येत नाही.