अंगणातलं पाचोरा ते जामनेर: वाफेचं छोटं इंजिन लांब पल्ल्यावर कसं चालवावं

जळगाव जिल्ह्यातली पाचोरा-जामनेर नॅरोगेज रेल्वे, म्हणजे आमची पीजे, 56 किलोमीटरची होती. रुळांतलं अंतर 762 मिलिमीटर. अंगणात 45 मिलिमीटरचे रूळ टाकले तर प्रमाण साधारण 1:17 पडतं आणि अख्खा मार्ग उतरतो जवळपास 3.3 किलोमीटरवर. माझं रुळांचं वेटोळं 25 मीटरचं आहे, म्हणजे 132 फेऱ्या. खऱ्या गाडीचा वेग ताशी 20 किलोमीटर धरला, तर छोट्या इंजिनाने मिनिटाला 20 मीटर धावायचं. प्रवास पावणेतीन तासांचा.

आता अडचण अशी, की बुटेन गॅसवर चालणारं माझं इंजिन एका भरण्यात पंचवीसेक मिनिटंच चालतं. म्हणजे वाटेत किमान सहा थांबे. लांब पल्ला गाठायचा तर इंजिन चांगलं थांबवता आलं पाहिजे, हे कळायला मला दोन वर्षं लागली.

आधी जमीन

आपली काळी माती कापसाला चांगली, रुळांना नाही. पहिल्या वर्षी मी थेट मातीवर रूळ टाकले. पोळ्यापर्यंत माती फुगून मधे उंटाची पाठ झाली होती, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्लीपरखालच्या (रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांखालच्या) भेगेत बोट जात होतं. तेव्हा फूटभर खोल चर खणा, काळी माती काढून टाका, मुरूम भरून पाणी मारून धुम्मस करा आणि वर क्रशरची बारीक कच पसरा. पाणी चरात साचू देऊ नका, त्याला उताराकडे वाट काढून द्या. रूळ मात्र सपाटच हवेत. चढाला इंजिन दमतं आणि उताराला पळत सुटतं. गवंड्याकडची पाण्याची नळी लावून चारही बाजूंनी पातळी तपासा. वळणं जमतील तितकी मोठी ठेवा.

दुसरा शत्रू ऊन. पितळी रुळाची 10 मीटरची सरळ ओळ 10 अंशांवरून 65 अंशांवर गेली की एक सेंटिमीटरहून थोडी जास्तच वाढते. मे महिन्यात दुपारी रुळाला हात लावून बघा, 65 अंश खोटं वाटणार नाही. हिवाळ्यात सकाळी रूळ जोडत असाल, तर दीड मीटरच्या तुकड्यामागे दीड मिलिमीटर फट ठेवा. स्लीपर स्क्रूने आवळू नका, कचेत सैल बसू द्या. मी आवळले होते, आणि एका दुपारी सरळ रुळाचा नाग झाला.

पाणी

बोअरचं पाणी बॉयलरमध्ये घालू नका. ठिबकच्या ड्रीपरमध्ये जो पांढरा क्षार बसतो, तोच आत बसतो, आणि ड्रीपर बदलता येतो तसा बॉयलर बदलता येत नाही. डिस्टिल्ड पाणी घ्या, नाहीतर पत्रे एकदा धुऊन गेल्यावर पडलेलं पावसाचं पाणी गाळून साठवा.

निघताना

चाकांच्या दांड्यांना तेलाचा एकेक थेंब. ल्युब्रिकेटरमध्ये, म्हणजे सिलिंडरला तेल पुरवणाऱ्या डबीत, स्टीम ऑइल. मोटरसायकलचं तेल इथे चालत नाही, ओल्या गरम वाफेत ते सिलिंडरच्या भिंतीला धरून राहत नाही. मग सिरिंजने पाणी, बॉयलरच्या पाऊण उंचीपर्यंत. गॅस सगळ्यात शेवटी.

पेटवताना पेटता लायटर धुराड्याच्या तोंडाशी धरा आणि गॅसचा व्हॉल्व्ह अगदी हळू उघडा. 'फट्' आवाज करून ज्योत आत जाते. उन्हात ती दिसत नाही, म्हणून कान लावा. बारीक सलग घरघर असेल तर ठीक. खेकसल्यासारखा आवाज येत असेल तर गॅस जास्त आहे, कमी करा. आपल्या उन्हाळ्यात गॅसच्या टाकीतला दाब मुळातच जास्त असतो, म्हणून पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा व्हॉल्व्ह कमीच उघडावा लागतो. तरी सकाळी नऊच्या आत आटोपणं उत्तम.

दाबाचा काटा 40 पीएसआयच्या आसपास आला की रेग्युलेटर, म्हणजे सिलिंडरकडे वाफ सोडणारा व्हॉल्व्ह, जरासा उघडा आणि इंजिन हाताने पुढे-मागे ढकला. सिलिंडरमधलं थंड पाणी धुराड्यातून थुंकत बाहेर येतं. पांढरा शर्ट घालून वाकू नका. थुंकणं थांबलं की डबे जोडा.

थांबे

खरं कौशल्य इथे लागतं. वरखेडी, शेंदुर्णी, पहूर अशी नावं दिलीत तर मजा येते. पहिल्या थांब्यावर घाई केलीत तर पुढचं सगळं बिघडतं.

गॅसची टाकी अशा मापाची केलेली असते, की गॅस आधी संपावा आणि बॉयलरमध्ये थोडं पाणी उरावं. म्हणून गॅस दुसऱ्यांदा भरलात की पाणीही भरलंच पाहिजे. नाहीतर कोरड्या बॉयलरखाली आग राहील. दाब असताना बॉयलरचं झाकण मुळीच उघडायचं नाही. एकतर्फी व्हॉल्व्ह असेल तर त्यातून पंपाच्या बाटलीने पाणी ढकला आणि काचेत पातळी बघा. तसा व्हॉल्व्ह नसेल तर काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.

मग तेल. रेग्युलेटर पूर्ण बंद करून ल्युब्रिकेटरचा तळाचा स्क्रू सावकाश सैल करा. वाफेचं पाणी तळाशी साचतं आणि तेल त्यावर तरंगतं, तेव्हा आधी पाणी निघतं, चांगलंच गरम. ते काढून नवीन तेल घाला.

शेवटी गॅस. ज्योत विझलेली आहे ना, हे पुन्हा बघा. आसपास विडी, अगरबत्ती, शेगडी काही नको. इथे मी फार दिवस चकलो. गॅसचा डबा टाकीवर उलटा धरून दाबायचो आणि आत काहीच जायचं नाही. कारण साधं होतं. पंचवीस मिनिटं बॉयलरशेजारी तापलेल्या टाकीत दाब जास्त आणि डब्यात कमी, मग गॅस जाणार कुठून? टाकीला ओलं फडकं गुंडाळून पाच मिनिटं थांबा, मग भरा. नोझलशी पांढरा फवारा उडाला की भरली. डबा मात्र कधीही गरम करू नका, उन्हातही ठेवू नका. भरल्यावर मिनिटभर सांडलेला गॅस उडून जाऊ द्या आणि मगच लायटर काढा.

हे सगळं दहा-बारा मिनिटांत होतं. आमची आजी दरवेळी ओट्यावरून विचारते, "काब्र थांबनी रे गाडी?" म्हणजे, का थांबली?

जामनेरला पोचल्यावर

गॅस आपोआप संपू द्या आणि रेग्युलेटर बंद करा. तो उघडा राहिला तर बॉयलर थंड होताना आत निर्वात पोकळी होते आणि ल्युब्रिकेटरमधलं तेल उलटं बॉयलरमध्ये ओढलं जातं. काटा शून्यावर आला की भरणीचं झाकण थोडं सैल करा, 'सुस्स' करत हवा आत जाईल. उरलेलं पाणी सिरिंजने काढून मोजा आणि वहीत लिहून ठेवा. पुढच्या वेळी कितव्या फेरीला थांबायचं, ते त्या आकड्यावरून ठरतं.