एमजीबी थरथरते आहे? बोल्ट सैल करण्याआधीची तयारी

एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार 1962 ते 1980 या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात बनली, पाच लाखांहून जास्त बनली, आणि तिचे सुटे भाग आजही घरबसल्या मागवता येतात. या सोयीमुळेच एक घाई होते. गाडी थरथरू लागली की तपासणीआधी नव्या फाउंडेशन रबरांची (इंजिन ज्यांवर टेकतं त्या माउंटिंगांची) ऑर्डर जाते. माझं ठाम मत आहे की एकही नट सैल करण्याआधी सगळी मोजमापं कागदावर उतरवलेली हवीत. इंजिन एकदा उचललं की ते कुठे टेकलं होतं, कोणत्या बाजूला झुकलं होतं, याचा पुरावा कायमचा जातो. ब्रिटनमध्ये 2018 पासून चाळीस वर्षांहून जुन्या, मोठा फेरफार न झालेल्या गाड्यांना दरवर्षीची एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का याची चाचणी, बंधनकारक नाही. म्हणजे तुम्ही स्वतः खाली वाकून पाहिलं नाही, तर दुसरं कोणी पाहीलच असं नाही.

सामान फार लागत नाही. जॅक, चार भक्कम स्टँड, चाकांना लावायच्या अडणी, सपाट जाड लाकडी फळी, मध्यम टोमी (पहार), चांगली टॉर्च, खडू, पांढरा रंग, मोजपट्टी, वही आणि चुंबकाने चिकटणारा डिजिटल कोनमापक. शेवटच्या वस्तूवर थोडे पैसे जास्त गेले तरी हरकत नाही, कारण पुढचा सर्वांत महत्त्वाचा निकाल तिच्यावर अवलंबून आहे. सोबत एक माणूस हवा, क्लच नीट सांभाळू शकणारा.

आधी इंजिन स्वतः शांत आहे का ते पाहून घ्या. प्लग, पॉइंट, टॅपेट, दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचा मेळ हे सगळं जागेवर असल्याशिवाय फाउंडेशनला दोष देऊ नका. एक सिलिंडर नीट पेटत नसेल तर नव्याकोऱ्या रबरांवरही इंजिन हलणारच. याच वेळी अर्थिंगची पट्टी शोधा. इंजिन रबरावर बसलेलं असतं, रबरातून वीज जात नाही, म्हणून इंजिन किंवा गिअरबॉक्सपासून बॉडीपर्यंत जाणारी ही पट्टी धड हवी. ती तुटली किंवा मागच्या कामात लावायची राहून गेली, तर स्टार्टरचा प्रचंड करंट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. केबल तापून चिकटली असेल तर ही पट्टी आधी तपासा.

आता रस्त्यावर. इथे वेळ द्या. प्रश्न एकच आहे: कंप इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे की गाडीच्या वेगाशी? थेट चौथ्या गिअरमध्ये याचं उत्तर मिळत नाही, कारण तिथे इंजिन आणि प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंत जाणारा दांडा) एकाच गतीने फिरतात. चार सिलिंडरच्या इंजिनाचा स्वाभाविक कंप एका फेरीत दोनदा येतो आणि वाकड्या कोनात चालणाऱ्या युनिव्हर्सल जॉइंटचाही (शाफ्टच्या टोकाचा, कोनात वळू शकणारा सांधा) एका फेरीत दोनदाच. कान कितीही तयार असला तरी हे दोन वेगळे काढता येत नाहीत. पण ओव्हरड्राइव्ह (त्याच वेगाला इंजिनाच्या फेऱ्या कमी करणारा जादा गिअर) असेल तर काम सोपं होतं. ताशी 60 मैलांवर चौथ्यात इंजिन साधारण 3300 फेऱ्यांवर असतं. ओव्हरड्राइव्ह लावला की ते 2700 च्या आसपास येतं, शाफ्ट मात्र पहिल्याच गतीने फिरत राहतो. कंप तसाच राहिला तर शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाकं पाहा. कंपाचा सूर उतरला किंवा तो नाहीसा झाला, तर इंजिनाकडे वळा. ओव्हरड्राइव्ह नसेल तर एकाच वेगाला तिसरा आणि चौथा गिअर ताडून पाहिला तरी चालतं. मोकळ्या सरळ रस्त्यावर न्यूट्रलमध्ये गाडी थोडी सोडूनही पाहा, मात्र किल्लीला हात लावू नका. स्टीअरिंग लॉक होण्याचा धोका आहे. प्रत्येक वेळी वेग, गिअर, फेऱ्या आणि कंप कुठे जाणवला (सीटमध्ये, स्टीअरिंगमध्ये की गिअरच्या दांड्यात) हे बाजूला थांबून लिहा. तारांची चाकं असतील तर प्रत्येक तार वाजवून बघा. एखादी सैल तार आणि बिघडलेलं बॅलन्सिंग माणसाला उगाच इंजिनापर्यंत नेतं.

घरी आल्यावर बोनेट उघडा, हँडब्रेक ओढा, चाकांना अडणी लावा. सोबत्याने पहिल्या गिअरमध्ये क्लच हळूच पकडेपर्यंत सोडावा आणि लगेच दाबावा; मग हेच रिव्हर्समध्ये. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणीही उभं राहायचं नाही, पाहायचं ते बाजूने. समोरून पाहिलं तर हे इंजिन घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतं, त्यामुळे पुढे जाताना इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते आणि उजवी दबते. डावं रबर आयुष्यभर ताण खातं, शिवाय या गाडीत एक्झॉस्टही डावीकडेच. म्हणून आधी ते बघा. थोडी हालचाल साहजिक आहे. पण डावी बाजू झटक्याने उठून दणकन खाली बसत असेल तर रबर पत्र्यापासून सुटलं आहे. ही किरकोळ बाब समजू नका. 1971 मध्ये जनरल मोटर्सला सुमारे 67 लाख गाड्यांवर याच दुखण्यासाठी उपाय करून द्यावा लागला होता: माउंट तुटला की इंजिन उचललं जायचं आणि ॲक्सिलरेटर उघडाच अडकू शकायचा.

मग गाडीखाली. संपच्या (इंजिनाखालच्या तेलाच्या तळभांड्याच्या) पत्र्याला जॅक थेट लावायचा नाही, मध्ये फळी हवीच. इंजिनाचं वजन जेमतेम हलकं होईल इतकंच उचला आणि रबराच्या पलीकडून टॉर्च धरा. रबर आणि पत्रा यांच्यामधून उजेड दिसला तर निकाल लागला. तेलाने फुगून मऊ झालेलं रबर बाहेरून अखंड दिसतं, पण बोटाने दाबलं की कळतं. ब्रॅकेटला तडा आहे का, गिअरबॉक्स पेलणाऱ्या आडव्या क्रॉसमेंबरवरचं रबर दबून खाली गेलं आहे का, हेही इथेच पाहा. घासल्याच्या चकचकीत खुणा खरं सांगतात: पंख्याची पाती, एक्झॉस्टचा पाइप, गिअरबॉक्सवरच्या बोगद्याचा पत्रा.

कोन मोजताना गाडीचा भार चाकांवरच हवा. मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवून घेतलेला आकडा निरुपयोगी आहे. स्टँड लावायचे तर ॲक्सलखालीच लावा. गिअरबॉक्सचा फ्लँज (शाफ्ट जिथे बोल्टने जोडतात ती चकती), शाफ्टची नळी आणि मागच्या डिफरन्शियलच्या पिनियनचा फ्लँज, तिन्हींचा उतार लिहा. जॉइंट कोनात चालला की शाफ्टची गती प्रत्येक फेरीत दोनदा कमीजास्त होते आणि मागचा जॉइंट तितक्याच कोनात असेल तरच ते फिटतं. म्हणून पहिला आणि तिसरा आकडा जवळपास सारखे यायला हवेत. अंशभराहून जास्त फरक दिसला तर मी नवं काही लावण्याआधी कारण शोधतो: गिअरबॉक्सचं दबलेलं रबर, थकलेल्या स्प्रिंगच्या पाट्या, किंवा स्प्रिंग आणि ॲक्सल यांच्यामधली दबलेली रबरी पॅडं. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे योक (जॉइंट धरणारे दुबेळके) एकाच प्रतलात आहेत ना, हे न विसरता बघा. सरकता भाग एका खाचेने चुकीचा बसला तरी कंप येतो आणि रबरं बदलून तो कधीच जात नाही. युनिव्हर्सल जॉइंटच्या क्रॉसच्या कपांभोवती लालसर भुकटी म्हणजे आतलं ग्रीस संपलं. शाफ्ट उतरवणार असाल तर चारही फ्लँजांवर आधी रंगाची खूण करा.

हे सगळं झाल्यावरच ऑर्डर, तीही गाडीचा चॅसिस नंबर पाहून, कारण रबर बंपरच्या गाड्यांची फाउंडेशनं आधीच्यांपेक्षा वेगळी आहेत. रोजच्या गाडीला पॉलियुरेथेनची कडक माउंटिंगं मला पटत नाहीत. ती टिकतात, पण कंप सरळ बॉडीत पोचवतात. बसवताना सगळे बोल्ट हातानेच लावा, एक्झॉस्टचे क्लॅम्प सैल करा, इंजिन दोन्ही बाजूंना हलवून स्वतःच्या जागी बसू द्या, मग आवळा. एक्झॉस्ट सगळ्यांत शेवटी, नाहीतर पाइपच इंजिनाला एका बाजूला ओढून धरतो. नवं रबर भाराखाली थोडं दबतं, म्हणून पहिल्या शे-दीडशे मैलांनंतर हेच बोल्ट आणि पंख्यापासून रेडिएटरपर्यंतचं अंतर पुन्हा तपासायचं आहे, याची नोंद आजच वहीत करून ठेवा.