कॉइलओव्हरनंतर स्वे बारचा पीळ काढला तो असा

कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर एकत्र असलेलं, उंची बदलता येणारं सस्पेन्शन) बसवून गाडीची उंची कमी केली आणि नवीनच खोड लागली. डाव्या वळणावर गाडी रस्त्याला चिकटून जायची, उजव्या वळणावर मात्र पुढचा भाग बाहेर पळायचा. चाकांची अलाइनमेंट ठीक होती, म्हणून संशय स्वे बारवर, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचं सस्पेन्शन जोडून वळणावर गाडीचं कलणं कमी करणाऱ्या दांड्यावर. गाडी जॅकवर लटकवून हे तपासण्यात अर्थ नाही. चारही चाकं एका पातळीतल्या रॅम्पवर आणि सीटवर ड्रायव्हरइतकं वजन हवंच. एका बाजूच्या लिंकचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) नट काढला तरी बोल्ट ठोकल्याशिवाय हलेना. निघाला तसा बार टचकन उसळून भोकापासून बोटभर वर गेला. म्हणजे उभ्या गाडीतही तो पिळलेलाच! ॲडजस्टेबल लिंक लावली आणि बोल्ट नुसत्या हाताने आत सरकेपर्यंत तिची लांबी जुळवत गेलो. मग लॉकनट आवळले. आता दोन्ही वळणं सारखी. लिंकांची लांबी दोन्हीकडे किंचित वेगळी राहिली, ती तशीच ठेवलीय.