पुल रिक्वेस्ट पाठवण्याआधी: इश्यू आणि बदल एकमेकांना जोडण्याची तयारी

गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ कोडमध्ये घ्यावा अशी विनंती) उघडण्यापूर्वी, कोड लिहून झाला आणि चाचण्या पार पडल्या की, हा बदल मुळात कोणत्या तक्रारीमुळे करावा लागला याची नोंद करण्यासाठी दहा मिनिटे राखून ठेवावीत. सर्वप्रथम संबंधित इश्यू (तक्रारीची किंवा कामाची क्रमांकित नोंद) शोधावा आणि शोधताना बंद झालेले इश्यूही चाळावेत, कारण तीच तक्रार पूर्वी एकदा येऊन गेली असेल तर त्या वेळची चर्चा रिव्ह्यू करणाऱ्याच्या फार उपयोगी पडते. इश्यूचा क्रमांक आठवणीतून लिहू नये, त्याच्या वेब पत्त्यातून उचलावा. एका रिपॉझिटरीत (प्रकल्पाच्या कोडसंग्रहात) इश्यू आणि पुल रिक्वेस्ट यांना एकाच मालिकेतले क्रमांक मिळत असल्यामुळे १४२ च्या जागी १२४ लिहिले गेले तरी बहुधा दुवा तयार होतोच, फक्त तो भलत्याच चर्चेकडे जातो आणि कोणतीही सूचना मिळत नाही. गिटलॅब या तशाच दुसऱ्या संकेतस्थळावरून आलेल्यांनी इथे विशेष जपावे, कारण तिथे मर्ज रिक्वेस्टची (तिथल्या पुल रिक्वेस्टची) मालिका वेगळी असते आणि तिच्या क्रमांकाआधी # ऐवजी उद्गारचिन्ह लावतात.

त्यानंतर हा बदल इश्यू पूर्णपणे सोडवतो की त्याचा केवळ एक भाग हाताळतो, हे ठरवावे. सर्वांत जास्त गोंधळ याच टप्प्यावर होतो, म्हणून इथे घाई करू नये. इश्यूचा नुसता #१४२ असा उल्लेख केला तर त्या इश्यूच्या घटनाक्रमात आपल्या पुल रिक्वेस्टची नोंद उमटते, इश्यू मात्र उघडाच राहतो. क्रमांकाआधी क्लोजेस, फिक्सेस किंवा रिझॉल्व्ह्ज यांपैकी एखादा शब्द लिहिला, तर मर्ज होताच, म्हणजे बदल मूळ कोडमध्ये मिसळला जाताच, इश्यू आपोआप बंद होतो. अर्थात हे शब्द आणि आकडे प्रत्यक्षात रोमन लिपीतच लिहावेत. हा शब्द पुल रिक्वेस्टच्या वर्णनात असावा, शीर्षकावर विसंबू नये; आणि मर्ज डीफॉल्ट ब्रँचमध्ये (कोडच्या मुख्य शाखेत) होणार आहे ना, हेही पाहून घ्यावे, कारण बदल एखाद्या रिलीज ब्रँचकडे जात असेल तर त्या शब्दाचा काहीही परिणाम होत नाही. तीन इश्यू एकदम सुटत असतील तर प्रत्येक क्रमांकाआधी तो शब्द पुन्हा लिहावा लागतो. एकदा लिहून पुढे स्वल्पविरामांनी क्रमांक जोडले तर पहिलाच बंद होतो. गिटलॅबवर मात्र अशी यादी चालते. आणखी एक गोष्ट म्हणजे या यंत्रणेला नकार कळत नाही. ‘याने #१४२ फिक्स होत नाही’ या अर्थाचे इंग्रजी वाक्य प्रामाणिकपणे लिहिले, तरी फिक्स हा शब्द क्रमांकाला लागून आल्यामुळे इश्यू बंद होऊ शकतो. अशा वेळी ‘संबंधित’ या अर्थाचा साधा शब्द वापरणे बरे.

आता कमिटचे, म्हणजे नोंदवलेल्या प्रत्येक बदलासोबतचे, संदेश तपासावेत. गिट (बदलांचा इतिहास ठेवणारे साधन) वापरून एडिटरमध्ये संदेश लिहिताना # ने सुरू होणारी ओळ डीफॉल्ट व्यवस्थेत टिप्पणी समजून गाळली जाते, त्यामुळे ओळीच्या आरंभी क्रमांक लिहिला तर ती ओळच नाहीशी होते. माझे असे दोन-तीनदा झाले आहे आणि दर वेळी मी आधी गिटहबलाच दोष दिला. क्रमांक वाक्याच्या शेवटी नेणे किंवा # ऐवजी जीएच-१४२ हे रूप वापरणे हे त्यावरचे सोपे उपाय आहेत. ज्या ब्रँचवर अजून वारंवार रीबेस होणार आहे (कमिट नव्या पायावर पुन्हा रचले जाणार आहेत), तिच्या कमिटमध्ये क्रमांक न घालता तो पुल रिक्वेस्टच्या वर्णनासाठी ठेवावा, असे माझे मत आहे. अन्यथा प्रत्येक फोर्स पुशबरोबर (जुना इतिहास बदलून नवा चढवताना) इश्यूच्या घटनाक्रमात त्याच बदलाची नवी नोंद पडते आणि मूळ चर्चा त्या गर्दीत हरवते. जुन्या कमिटचा हवाला द्यायचा असेल तर हॅशची (कमिटच्या ओळखखुणेची) निदान सात अक्षरे द्यावीत, पण ते कमिट मर्ज झालेलेच असावे, कारण रीबेस किंवा स्क्वॉश (अनेक कमिट एकत्र) केल्यावर हॅश बदलतो. लिनक्स कर्नलमध्ये फिक्सेस या शब्दापुढे इश्यूचा क्रमांक नव्हे, तर ज्या कमिटमुळे दोष शिरला त्याच्या हॅशची किमान १२ अक्षरे आणि त्याचे शीर्षक देतात. शीर्षक सोबत देण्याची ही पद्धत कुठेही उचलण्यासारखी आहे, कारण दुवा उघडण्याआधीच संदर्भ लक्षात येतो.

इश्यू दुसऱ्या रिपॉझिटरीत असेल तर # च्या आधी मालकाचे आणि रिपॉझिटरीचे नाव मधे तिरपी रेघ देऊन लिहावे. रीडमी (प्रकल्पाची माहिती देणारी फाइल) किंवा कोडमधील टिप्पणीत लिहिलेल्या क्रमांकाचा दुवा आपोआप बनत नाही, तिथे पूर्ण पत्ता द्यावा.

पुल रिक्वेस्ट उघडल्यावर बाजूच्या पट्टीतील डेव्हलपमेंट या भागात अपेक्षित इश्यू दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर तिथूनच हाताने जोडता येतो, मात्र एका पुल रिक्वेस्टला असे जास्तीत जास्त दहाच इश्यू जोडता येतात. मर्जनंतर एकदा तो इश्यू उघडून तो खरोखर बंद झाला का हे बघावे, आणि काम अर्धेच झालेले असताना तो बंद झाला असेल तर काय उरले आहे ते दोन ओळींत लिहून तो पुन्हा उघडावा.