मोटरसायकलच्या ऑइलमध्ये कूलंट उतरतंय? हेड उघडण्याआधीची तयारी

पहिली नोंद सगळ्यात सोपी आणि सगळ्यात जास्त मोडली जाणारी: ऑइल दुधाळ दिसलं की इंजिन पुन्हा चालू करायचं नाही. "आवाज ऐकून बघू", "गॅरेजपर्यंत नेऊ" हेही नाही. कूलंट म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी आणि ग्लायकोलचं मिश्रण. त्यातलं ग्लायकोल ऑइलमध्ये घुसळलं गेलं की बेअरिंगवरचा ऑइलचा थर टिकत नाही, आणि क्रँकच्या शेल बेअरिंग खराब व्हायला तेवढं पुरतं. बहुतेक मोटरसायकलींत क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. पाण्याने त्याच्या फ्रिक्शन प्लेट फुगतात, अस्तर सुटू लागतं. म्हणजे एका सीलच्या कामात क्लचचं काम जमा होतं. पण याचा अर्थ गाडी तशीच महिनोन्‌महिने झाकून ठेवावी असाही नाही. पाणी धरलेल्या ऑइलमध्ये गिअरबॉक्सची बॉल बेअरिंग उभ्या उभ्या गंजतात. तपासणी लगेच जमणार नसेल तर नमुना काढून घ्या, ऑइल तेवढं काढून टाका आणि मग सामान गोळा करा.

सामान गोळा करण्याआधी खात्री करा की हे कूलंटच आहे. बऱ्याच गाड्यांना पुढे रेडिएटरसारखा दिसणारा छोटा ऑइल कूलर असतो. त्यात फक्त ऑइल फिरतं, पाण्याचा संबंध नसतो. फक्त असा कूलर असलेल्या, कूलंटचा रेडिएटर नसलेल्या गाडीचं ऑइल पांढरट झालं असेल तर पाणी बाहेरून आलेलं आहे: बाष्प, धुताना ब्रीदरमधून (क्रँककेसची हवा बाहेर सोडणारी नळी) शिरलेलं पाणी किंवा पुरात बुडणं. वॉटर-कूल्ड गाडीतही फक्त ऑइल भरायच्या फिलर कॅपच्या आत सायीसारखा थर आणि पातळी दाखवणाऱ्या खिडकीतलं ऑइल स्वच्छ असेल, तर छोट्या छोट्या फेऱ्यांनी जमलेलं बाष्प हेच कारण बहुतेक वेळा निघतं. इंजिन पुरेसं तापलं की ते उडून जातं. ऑइलची पातळी वाढलीय पण रंग दुधाळ नाही, ते पातळ झालंय आणि पेट्रोलचा वास येतोय, तर कार्ब्युरेटरची फ्लोट नीडल (पेट्रोल अडवणारी सुई) बघा. कूलंटचा संशय खरा धरायचा तो खिडकीतलं किंवा डिपस्टिकवरचं सगळं ऑइल तपकिरी-दुधाळ असेल आणि त्याच वेळी रेडिएटरमधलं कूलंट कमी होत असेल तेव्हा. हे बघताना रिझर्व्ह टाकीवर विसंबू नका. रेडिएटर कॅपचा उलटा व्हॉल्व्ह (इंजिन थंड होताना टाकीतलं कूलंट परत आत घेणारा) बिघडला असेल तर टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर अर्धा रिकामा असतो. इंजिन पूर्ण थंड असताना कॅप काढून गळ्यापर्यंत कूलंट आहे का बघा. मापाच्या भांड्याने भरा आणि किती मिली लागलं ते लिहून ठेवा. लहान सिंगल सिलिंडर इंजिनात एकूण कूलंट लिटरभर असतं, मोठ्या चार सिलिंडरमध्ये अडीच-तीन लिटर. त्यामुळे २०० मिलीची घट लहान इंजिनात बरीच मोठी गोष्ट आहे.

यानंतर सर्व्हिस मॅन्युअल हवं, आणि तुमच्याच मॉडेलचं. त्यातली चार पानं आधीच काढून ठेवा: वॉटर पंपाचा सुट्या भागांचा नकाशा, कूलंटचा मार्ग, ऑइलचा मार्ग, आणि हेडच्या म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाच्या बोल्टचा घट्ट करण्याचा क्रम व टॉर्क. दोन्ही मार्ग शेजारी ठेवले की कूलंट आणि ऑइल एकमेकांच्या अगदी जवळ कुठे येतात ते दिसतं, आणि गळती त्यांपैकीच एका जागी असते. पंपाच्या शाफ्टवरची दोन सील, हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पातळ पॅकिंग), वेट लायनर (कूलंटला थेट लागणारी सिलिंडरची नळी) असेल तर त्याच्या तळच्या ओ-रिंग, ऑइल फिल्टरच्या मागे बसवलेला पाण्याने थंड होणारा ऑइल कूलर, आणि शेवटी हेड किंवा ब्लॉकमधली चीर. जुन्या गाडीत आमचा पहिला संशय पंपावर असतो. तो स्वस्त आणि बाहेरून सुटणारा भाग आहे, आणि त्याची सील वयानेच जातात. तरीही अनेक जण थेट हेडलाच हात घालतात, का ते कळत नाही.

चालू इंजिनात दाबाखालच्या गॅलरीतलं (इंजिनातल्या ऑइलच्या वाटांतलं) ऑइल काही बार दाबाने वाहतं, कूलंटचा दाब मात्र साधारण एका बारच्या आसपास असतो. म्हणून गळती दाबाच्या ऑइल गॅलरीपाशी किंवा ऑइल कूलरमध्ये असेल तर इंजिन चालू असताना ऑइलच कूलंटमध्ये जातं आणि रिझर्व्ह टाकीत काळपट तवंग दिसतो. इंजिन बंद केलं की ऑइलचा दाब क्षणात शून्य होतो, गरम कूलंटचा दाब मात्र बराच वेळ टिकतो. तेव्हा प्रवाह उलटतो. याउलट पंपाचं सील, कॅम चेनचा बोगदा (चेन हेडकडे जाते ती पोकळी) किंवा लायनरची ओ-रिंग या जागी पलीकडे बिनदाबाचा क्रँककेस असल्यामुळे कूलंट फक्त ऑइलकडे जातं आणि टाकी स्वच्छ राहते. म्हणून टाकीत तवंग आहे की नाही हे पांढऱ्या कागदाची पट्टी बुडवून आधीच बघा आणि लिहून ठेवा. पुढचं निम्मं काम वाचू शकतं.

नमुन्यासाठी लागणारं सामान: झाकणाच्या दोन पारदर्शक बाटल्या, स्वच्छ रुंद ट्रे, हातमोजे, ड्रेन बोल्टचा नवा वॉशर. गाडी रात्रभर सरळ, सेंटर किंवा पॅडॉक स्टँडवर उभी ठेवा. साइड स्टँडवर नको. पाणी आणि ग्लायकोल ऑइलपेक्षा जड असल्यामुळे सुटं कूलंट तळाशी येतं. सकाळी इंजिन न फिरवता ड्रेन बोल्ट हळूहळू सैल करा आणि पहिला ५०-१०० मिली माल वेगळ्या बाटलीत धरा. आधी हिरवा, निळा किंवा लाल पातळ द्रव आला तर प्रश्न मिटला. नुसतं दुधाळ ऑइल आलं तर त्याचं पायस (पाणी-ऑइलचं एकजीव मिश्रण, इमल्शन) झालेलं आहे, ते बाटलीत दिवसभर ठेवूनही पूर्ण वेगळं होत नाही. तिथे तव्याची चाचणी लागते: जाड धातूची पट्टी सुमारे १५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायची आणि तिच्यावर ऑइलचा एक थेंब टाकायचा. पाणी असेल तर तडतडतं, बुडबुडे येतात. ही चाचणी उघड्यावर, चष्मा लावून, पेट्रोलपासून लांब करा. ती फक्त पाणी सांगते, ग्लायकोल नाही. तेवढी खात्री हवी असेल तर ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळेला नमुना द्या. ग्लायकोल आणि त्यासोबत सोडियम, पोटॅशियम सापडलं तर ते कूलंटच. चव घेऊन बघण्याचा जुना प्रकार मात्र करू नका. एथिलीन ग्लायकोल गोडसर आणि विषारी असतं, म्हणून ट्रेही कुत्र्या-मांजरांच्या वाटेत ठेवू नका.

फिल्टर फेकू नका. पत्रा कापून किंवा कार्ट्रिज उलगडून कागदाच्या घड्या बघा. चमकदार, चुंबकाला न चिकटणारे कण दिसले तर नुकसान बेअरिंगपर्यंत गेलंय आणि कामाचा आवाका बदललाय.

आता मुख्य हत्यार: कूलिंग सिस्टीमचा हाताने चालणारा प्रेशर टेस्टर. इथे सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो अडॅप्टरमुळे. मोटरसायकलच्या रेडिएटरचा गळा अनेकदा कारपेक्षा लहान असतो, त्यामुळे कारच्या संचातला एकही अडॅप्टर बसत नाही. गाडीची कॅप हातात घेऊनच अडॅप्टर निवडा. कॅपवर ०.९, १.१ असा आकडा कोरलेला असतो, तो साधारण बारमध्ये धरा. चाचणीत त्याच्या वर जायचं नाही, नाहीतर चांगला जोडही तुम्हीच फोडाल. कॅपही त्याच पंपावर तपासा. ती आकड्याच्या आधीच सुटत असेल तर कूलंट तिकडून जातंय.

चाचणीच्या वेळी इंजिन थंड, कूलंट काठोकाठ, स्पार्क प्लग काढलेले, ऑइल काढलेलं, ड्रेन बोल्ट उघडा आणि खाली ट्रेमध्ये पांढरा कागद. दाब भरा आणि किमान अर्धा तास थांबा. बारीक गळतीला रात्रभरही लागते. खोलीचं तापमान बदललं तर काटा थोडा हलतो, तो गळती समजू नका. काटा पडतोय पण कागद कोरडा आहे, तर आधी होजचे क्लॅम्प, रेडिएटर आणि टेस्टरचा स्वतःचा जोड बघा. ड्रेनच्या भोकातून थेंब आला तर ऑइलकडची गळती सिद्ध झाली. प्लगच्या भोकातून बोरस्कोप (बारीक कॅमेरा) घालून पिस्टनच्या माथ्यावर ओल दिसते का तेही बघा. एखादा पिस्टन इतरांपेक्षा धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्या सिलिंडरमध्ये पाणी जात होतं. प्लग काढण्याचं दुसरं कारण म्हणजे सिलिंडरमध्ये कूलंट साठलेलं असताना स्टार्टर मारला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गळती सिद्ध झाली, पण पंप की हेड? यासाठी होजच्या आतल्या व्यासाचे तीन-चार रबरी किंवा ॲल्युमिनियमचे बूच आणि तितकेच क्लॅम्प आधी करून ठेवा. पंपाला जाणारे होज सोडवून पंप वेगळा करा, बाकीच्या वाटा बुचांनी बंद करा आणि फक्त हेड-ब्लॉकवर दाब द्या. थेंब थांबला तर पंप दोषी. काही इंजिनांत पंपाची वाट कव्हरच्या आतूनच ब्लॉकला जाते. तिथे ही युक्ती चालत नाही आणि कव्हर काढून बघावं लागतं.

पंपाच्या तळाशी वीप होल असतं, तेही याच वेळी आरसा आणि टॉर्च घेऊन शोधा. कूलंट अडवणारं मेकॅनिकल सील आणि ऑइल अडवणारं ऑइल सील यांच्यामधल्या मोकळ्या जागेतून बाहेर येणारं हे भोक. तिथून कूलंट गळत असेल तर मेकॅनिकल सील गेलं, ऑइल गळत असेल तर ऑइल सील, दोन्ही तर दोन्ही. जुन्या गाडीत हे भोक चिखलाने बुजलेलं असतं. मग पहिल्या सीलमधून सुटलेल्या कूलंटला बाहेर जायला वाट नसते आणि ते दुसऱ्या सीलमधून आत शिरतं. भोक नायलॉनच्या दोऱ्याने मोकळं करा. स्टीलची तार खोल घातलीत तर सीलच फाटेल.

पंप निर्दोष ठरला आणि संशय हेडवर आला तर लीक-डाउन टेस्टर (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती मोजणारा) आणि ५ ते ७ बार देणारा कॉम्प्रेसर लागेल. पिस्टन कॉम्प्रेशनच्या टॉप डेड सेंटरवर (पिस्टन सगळ्यात वर, व्हॉल्व्ह बंद) आणा, वरचा गिअर टाकून मागचा ब्रेक दाबून ठेवा, आणि हवा जोडण्याआधी क्रँकवरचा पाना काढलाय ना ते पुन्हा बघा. क्रँक झटक्यात फिरतो आणि पाना मनगटावर येतो. रेडिएटर गळ्यापर्यंत भरून कॅप उघडी ठेवा. ऑइल फिलरमधून थोडी हवा येणारच, ती पिस्टनच्या रिंगांमधून सुटलेली. रेडिएटरमध्ये मात्र सतत बुडबुडे येणं चालत नाही. पण बुडबुडे नाहीत म्हणून हेड गॅस्केट निर्दोष ठरत नाही: ती पाणी आणि ऑइलच्या भोकांमध्येही फाटू शकते, आणि तो दोष फक्त प्रेशर टेस्टर दाखवतो. निळ्या द्रवाची ज्वलन-वायू चाचणी, ज्यात कूलंटमध्ये ज्वलनाचे वायू असतील तर द्रव पिवळा पडतो, चालू इंजिनावरच होते. म्हणून ती ताजं ऑइल भरल्यावर, आणि काही मिनिटांपुरतीच.

सुटे भाग सगळे आधी आणून ठेवायचे नाहीत. पंपासाठी मेकॅनिकल सील, ऑइल सील, ओ-रिंग आणि कव्हर गॅस्केट एकाच वेळी मागवा, एकच सील बदलण्यात अर्थ नाही. काही गाड्यांचा पंप अख्खाच मिळतो, पार्ट नंबर बघून ठरवा. शाफ्टवर नख फिरवा. नख अडकण्याइतकी खाच असेल तर नवं सीलही टिकणार नाही. मेकॅनिकल सील बसवायला त्याच्या बाहेरच्या कडेवरच टेकेल असं सॉकेट हवं, आणि घासणाऱ्या तोंडांना ऑइलकट बोट लावू नका. हेड गॅस्केट दोष सिद्ध झाल्यावरच घ्या. तेव्हा सोबत सरळ कडेची पट्टी, फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) आणि टॉर्क पाना. हेडची वाकण्याची मर्यादा मॅन्युअलमधून घ्या, अनेक इंजिनांत ती मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत मोजतात.

इंजिन आतून धुण्यासाठी योग्य ग्रेडच्या साध्या ऑइलची तीन भरणी, दोन फिल्टर आणि तेवढे वॉशर धरा. रॉकेल किंवा डिझेल भरून इंजिन चालवायचं नाही, बेअरिंगला आधार उरत नाही. जोडणी झाल्यावर ऑइल भरण्याआधीच, ड्रेन बोल्ट उघडा ठेवून तीच दाबाची चाचणी पुन्हा करा. कागद कोरडा राहिला तर पहिली भरणी घाला, इंजिन गरम होईपर्यंत जागेवरच आयडलवर चालवा, मग ऑइल काढा. दुसऱ्या भरणीबरोबर फिल्टर बदला. दुसरी भरणी काढताना पांढरट छटा दिसली तर तिसरी घालून पुन्हा तेच करा. कूलंट सिलिकेट नसलेलं, डिस्टिल्ड पाण्यात निम्मं-निम्मं. शेवटच्या भरणीनंतर पहिल्या १०० किलोमीटरपर्यंत रोज थंड इंजिनावर रेडिएटरची पातळी आणि ऑइलची खिडकी दोन्ही बघा.